थाळीवरची चौथाई

ज्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांच्या अंतराने येते, आणि येते तेव्हाही रात्रीच्या कोणत्या प्रहरी येईल याचा भरवसा ज्योतिष्यालाही देता येत नाही, त्या शहरात चिकन बिर्याणी मात्र तीस मिनिटांच्या आत दारात येऊन उभी राहते, यात काही विसंगती आहे असे सोलापूरकराला आता वाटेनासे झाले आहे. पाण्याची वाट पाहणे हा त्याच्या पिंडाचा धर्म होऊन बसला आहे; बिर्याणीची वाट पाहणे हा मात्र त्याला आपल्या नागरी हक्कांवरील उघड घाला वाटतो. पाण्यासाठी पाच दिवस अवाक्षर न काढणारा सद्गृहस्थ एकतिसाव्या मिनिटाला मोबाइल हाती घेऊन पाचांपैकी चार तारे कापतो आणि न्यायदानाचे समाधान मिळवून हात धुवायला जातो. ज्याचे तारे कापले गेले तो खानावळवाला बिचारा पंधरा मिनिटांपूर्वीच रश्श्याचा डबा बांधून, पिशवीला गाठ मारून, ती मोटारसायकलवाल्या पोराच्या स्वाधीन करून पुढच्या पिठाच्या गोळ्याकडे वळलेला असतो. मधली मिनिटे सात रस्त्याच्या चौकाने खाल्ली की आसऱ्याच्या पुलाने, याची चौकशी करण्याची तरतूद या न्यायव्यवस्थेत नाही.

अशा एका खानावळीत माझी जुनी बैठक आहे. साखर पेठेच्या अंगाला, बोळाच्या तोंडाशी असलेली ही जागा सध्याच्या मालकांच्या वडिलांनी गिरणी कामगारांच्या भरवशावर मांडली. १८७७ साली स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिला गाव अजूनही जुनी गिरणी याच नावाने ओळखते, तिच्या आणि तिच्या मागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर त्या काळी शहराचे निजणे-उठणे चाले. भोंगा झाला की माणसे आपल्या पायांनी चालत जेवायला येत. कोण चार भाकरी खातो, कोणाला शेंगाची चटणी दह्याखेरीज उतरत नाही आणि कोण सोमवारी सिद्धेश्वराचा उपास धरतो, हे थोरल्या मालकांना मुखोद्गत असे. हिशेब महिन्याचा, वही तांबडी. पगाराच्या दिवशी ते ती वही मांडीवर घेऊन उंबऱ्यातच ठाण मांडीत, आणि बुडवेगिरीचा संकल्प केलेली मंडळी त्या दिवशी मागच्या बोळाने घरी जात. बुडीत खाते हा त्या धंद्याचा एकमेव रोग होता, आणि तो अंगवळणी पडलेला होता. पुढे गिरण्या एकामागून एक थंडावल्या, भोंगे मुके झाले, जेवणाऱ्यांच्या पंगती विरळ झाल्या. खानावळ कशीबशी तग धरून राहिली. आज तिच्यात भोंगा पुन्हा वाजू लागला आहे. तो गल्ल्याशेजारी ठेवलेल्या एका पाटीएवढ्या टॅबलेटमधून वाजतो, आणि तो वाजला म्हणजे माणूस येत नाही, हुकूम येतो.

दोन सत्तांच्या कैचीत सापडण्याची सोलापूरला आज सवय लागली असे मात्र कोणी समजू नये. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे ठरले होते. लग्न लागले, किल्ला काही दिला गेला नाही, आणि तेवढ्या मानपानावरून दोन्ही शाह्यांनी पुढे कित्येक वर्षे एकमेकींचा मुलूख उजाड केला. अखेर तालिकोट्याच्या लढाईपूर्वी चांदबिबीच्या विवाहात तोच किल्ला उलट दिशेने आंदण म्हणून विजापूरकडे गेला. या सबंध व्यवहारात किल्ल्याखालच्या रयतेचा अभिप्राय कोणी विचारल्याची नोंद नाही. आजच्या दोन शाह्यांपैकी एक २००८ साली दिल्लीत हॉटेलांची मेनूकार्डे इंटरनेटवर चढवण्याच्या निरुपद्रवी उद्योगातून निघालेली झोमॅटो, आणि दुसरी २०१४ साली बंगळुरात जन्माला आलेली स्विगी. तिसरी एक उबर ईट्स नावाची होती. निजामशाहीने १५७४ साली वऱ्हाडची इमादशाही जशी गिळली, तशी ती २०२० च्या जानेवारीत झोमॅटोने गिळली, आणि ढेकरही फारसा मोठा दिला नाही. उरलेल्या दोघींच्या सरहद्दी आमच्या मालकांच्या गल्ल्यावरून जातात.

मालकांनी आरंभी या सत्तांना दाद दिली नव्हती. ‘ज्याला भूक लागली तो येईल की वो,’ हे त्यांचे अर्थशास्त्र होते. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, आणि भूक लागलेल्यालाही येता येईना. महाराष्ट्रात हॉटेलात बसून जेवण्याची परवानगी मिळायला ५ ऑक्टोबर उजाडला. त्या सहा महिन्यांत चूल पेटती ठेवायची तर डबा बाहेर जाणे प्राप्त होते, आणि डबा बाहेर नेणारे स्वार कोणाच्या पदरी होते हे सर्वश्रुत आहे. तेव्हा मालकांनी अन्न परवाना, पॅनकार्ड आणि बँकेचे पासबुक अशी तिन्ही दस्तऐवज रुजू करून, न वाचता, एका लांबलचक तहनाम्यावर अंगठा टेकवला. ‘न वाचता’ हे दोन शब्द मी त्यांच्या निंदेसाठी लिहीत नाही. वसईचा तह करताना दुसऱ्या बाजीरावासमोर निदान कागद तरी होता, येथे तर मजकूर बोटाने वर सरकवीत न्यायचा होता आणि शेवटी ‘मान्य आहे’ एवढेच बटण होते.

त्या तहनाम्यातील मुख्य कलम कमिशनचे. ते हॉटेलागणिक, करारागणिक बदलते. शेकडा पंधरापासून तिसापर्यंत त्याची ये-जा चालते, आणि आमच्या मालकांच्या कपाळी ते बरोबर पंचविसावर येऊन थांबले. शेकडा पंचवीस! मराठी माणसाच्या कानाला हा आकडा परका नाही. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला, तेव्हा तीनशे वर्षांनी हा ओघ उलटा फिरेल आणि दख्खनमधील एका भाकरीच्या खानावळीतून दर आठवड्याला चौथाई निघून ती दिल्लीच्या वेशीवरल्या गुरुग्रामी आणि कानडी मुलुखातील बंगळुरी जमा होईल, असे भाकीत कोणी केले असते तर त्याला वेड्यात काढण्यात आले असते. फरक एकच आहे, आणि तो मालकांनीच एका उदास दुपारी माझ्या नजरेस आणून दिला. त्या काळी चौथाई भरली म्हणजे घोडेस्वार दारात येत नसत. आता चौथाई भरली तरच ते दारात येतात.

चौथाईच्या वसुलाच्या पुन्हा वाटण्या होत, राजबाबती, सहोत्रा, नाडगौंडी आणि मोकासा अशा, आणि त्या समजून घेण्यासाठी फडणिशी दप्तरात आयुष्य घालवलेला कारकून लागे. आजचे साप्ताहिक हिशेबपत्रक त्या परंपरेला शोभणारे आहे. समजा, थाळीचा भाव २०० रुपये आहे. ‘आजची खास सूट’ म्हणून त्यातले ४० रुपये कमी केले जातात. ही सूट ग्राहकाला कंपनीच्या औदार्याची वाटते, परंतु बहुतेक वेळा ती मालकांच्या खिशातली असते. उरलेल्या १६० रुपयांवर चौथाई ४०. त्या चौथाईवर सरकारचा जीएसटी शेकडा १८, म्हणजे ७ रुपये २० पैसे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून शेकडा दहा पैसे इतका क्षीण झालेला, पण पत्रकात स्वतंत्र ओळ अडवून बसलेला आयकराचा काप. तो सोडून दिला आणि डबे, झाकणे, पिशवी यांचे १२ रुपये वजा केले, तर हाती राहतात १०० रुपये ८० पैसे. त्यात ज्वारी, तेल, गॅस, बायकांची मजुरी आणि जागेचे भाडे. पैकी ८० पैसे हा आपला निव्वळ नफा आहे, असे मालक सांगतात. हे मी अक्षरशः खरे मानत नाही, कारण नफा विचारणाऱ्याला खरा आकडा सांगणारा हॉटेलवाला मला अद्याप भेटायचा आहे. पण त्यांचा चेहरा त्या वेळी खरा असतो.

चौथाई भरणाऱ्या मुलुखाने चौथाई चुकवण्याच्या विद्येतही प्रावीण्य मिळवलेले असते, हा इतिहासाचा दाखला आहे. मालकांची पहिली युक्ती सर्वत्र रूढ असलेलीच: दोन भाव. भिंतीवरच्या फळ्यावर जी थाळी १५० रुपयांना, तीच ॲपवर २०० रुपयांना. म्हणजे ग्राहक ४० रुपये वाचवल्याच्या आनंदात १६० रुपये देतो, त्यावर पोचवण्याचे वेगळे, कर वेगळा आणि ‘प्लॅटफॉर्म फी’ नावाची, २०२३ साली दोन रुपयांच्या बालरूपात अवतरलेली आणि पुढे पाहता पाहता दोन आकडी झालेली पट्टी वेगळी. तो संतुष्ट, कंपनी संतुष्ट, आणि मालक निदान बुडत नाहीत. फुगवलेल्या भावावर दिलेली सूट हा अर्थशास्त्रातला कोणता प्रकार आहे ते मला ठाऊक नाही; सोलापुरात चादरीच्या दुकानात मात्र तो फार पूर्वीपासून पाहण्यात आहे.

दुसरी युक्ती चिठ्ठीची. पिशवीत डब्यांच्या तळाशी एक गुलाबी कागद जातो: ‘पुढील वेळेस थेट फोन करा, दहा टक्के सवलत, सोबत शेंगाची चटणी मोफत.’ तहनाम्यानुसार हा फितुरीचा प्रकार असल्याने कागद उघड्यावर ठेवता येत नाही. आरंभी मालकांनी तो भाकरीच्या घडीत लपवला. एका घाईच्या गृहस्थाने तो पहिल्या घासात चावला आणि ‘भाकरीत कागद’ अशी फिर्याद दाखल केली. तेव्हापासून चिठ्ठी लोणच्याच्या पुडीला रबराने बांधली जाते. ती वाचून खरोखरच फोन करणारे निघाले, तेव्हा ते पोचवणार कोण हा प्रश्न आला, आणि मालकांनी आपला भाचा स्वारीवर नेमला. मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. कंपनीची पोरे ही शिलेदार: गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, पडल्यास गुडघाही त्यांचाच. भाचा हा बारगीर. गाडी मामांची, पेट्रोल मामांचे, आणि वाटेत नवी पेठेत मित्र भेटल्यावर उभा राहण्याचा वेळही मामांचाच. कंपनीच्या शिलेदाराला बावीस मिनिटे लागतात तेथे बारगीर सव्वा तास घेतो. पण त्याचे तारे कापणारे कोणी नसल्यामुळे त्याच्या शीलावर कसलाही डाग नाही.

खरी गंमत चुलीपाशी झाली आहे. अन्नाचे प्रवासी अन्न आणि बैठे अन्न असे दोन भेद मी तरी शास्त्रात वाचले नव्हते. ते येथे मालकांच्या बायको-सुनांनी अनुभवाने ठरवले. तव्यावरून ताटात पडली की जिचे मोठेपण आहे ती मऊ ज्वारीची भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत दहा मिनिटांत घामाघूम होते. पिठले निवून वडीच्या जवळ जाते. तर्री झाकणाच्या कडेने बाहेर येऊन पिशवीच्या तळाशी आपले स्वतंत्र राज्य स्थापन करते. उलट कडक भाकरी, जी महिनोन्महिने टिकावी म्हणूनच आमच्याकडे जन्माला आली, तिला असल्या प्रवासाचे काय होय! मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची, पापडाहून थोडी जाड आणि निग्रहाने वाळवलेली ही भाकरी आदळली, आपटली, मोटारसायकलच्या पेटीत उभी बसवली तरी फार तर तिचे दोन तुकडे होतात, आणि तुकडे करूनच ती खायची असते. शेंगाची चटणीही त्याच जातकुळीची. तेव्हा हळूहळू ॲपवरच्या यादीत मऊ भाकरी खाली सरकली, कडक वर आली. पातळ रस्सा दाट झाला. आणि वांग्याची भाजी, जी छायाचित्रात कशीही ठेवली तरी शोकमग्नच दिसते, ती वगळून तिच्या जागी तांबडेलाल पनीर आले. पनीर हा पदार्थ या खानावळीच्या चुलीने त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. छायाचित्र चांगले येते एवढ्याच गुणावर त्याला नागरिकत्व मिळाले.

पण कडक भाकरीनेच मालकांवर पहिले मोठे संकट आणले. परगावाहून नोकरीनिमित्त आलेल्या कोणा तरुणाने ती मागवली आणि एक तारा देऊन लिहिले, ‘भाकरी शिळी, वाळून खडखडीत झालेली होती. दातांना इजा होता होता वाचली.’ कंपनीने, कोणत्या ते सांगत नाही, तत्क्षणी त्याचे पैसे परत केले आणि ते मालकांच्या खात्यातून वळते करून घेतले. मालकांनी सुनेकडून उत्तर टंकून घेतले. ते उत्तर मी पाहिले आहे. जुन्या काळच्या मामलेदार कचेरीतील अर्जाप्रमाणे त्याची सुरुवात ‘सेवेशी विनंती विशेष’ अशी असून त्यात कडक भाकरी कडक असणे हा तिचा दोष नसून धर्म आहे, तिच्यावर चटणी-तेल घालून अथवा ती आमटीत कुस्करून खाण्याचा शिष्टाचार आहे, आणि दातांविषयी खानावळ आस्था बाळगते, असे तीन मुद्दे सविस्तर मांडले होते. अर्ज रुजू झाला की नाही याचा जबाब आजवर आलेला नाही. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्राहकाने भाकरी ‘पुरेशी कडक नाही’ म्हणून दोन तारे कापले. त्या दिवशी मालकांनी दुपारचे जेवण घेतले नाही.

ताऱ्यांहूनही मालकांना जे लागले ते वेगळेच आहे. जेवणारा कोण, हे त्यांना आता कळत नाही. हुकूमनाम्यावर एक पहिले नाव येते, कधी तेही ‘किट्टू’ किंवा ‘डेव्हिल’ असे. फोन नंबर येत नाही, पत्ता स्वारापुरता. ज्यांचे वडील शंभर माणसांची भूक तोंडपाठ ठेवीत, त्या माणसाला आपण कोणाच्या पोटात काय घातले याची वार्ता असू नये, ही गोष्ट मला चौथाईपेक्षा अधिक अन्यायाची वाटते. चौथाई निदान मोजता येते. ग्राहकाची माहिती हॉटेलांपासून झाकून ठेवली जाते, ही तक्रार पुढे दिल्लीपर्यंत गेली आहे. पण दिल्लीचा निकाल लागेपर्यंत थांबणे मालकांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी हेरखाते उघडले. ऊन ४३ अंशांवर गेलेल्या वैशाखी दुपारी खानावळीच्या दारात ताटकळणारी ही शिलेदार पोरे कोणाची? गावातलीच. कोणाचा बाप यंत्रमागावर, कोणाची आई विड्या वळते. मालकांनी त्यांच्यासाठी माठाचे गार पाणी, आत एक बाक आणि चार वाजता अर्धा कप चहा सुरू केला, आणि बहिर्जी नाइकाने धन्यता मानावी अशी खबर आपोआप वाहू लागली. ‘मालक, जुळे सोलापूरमधले ते आजोबा म्हणलाले, भाकरी मऊ पाठवा की, दात नाहीत.’ ‘होटगी रोडच्या त्या मॅडमच्या घरी डोहाळे लागलेत वाटतं, ठेचा जास्त मागलाल्यात.’ ‘तो डेव्हिल माहितंय का कोण? तुमच्या शाळेतल्या मास्तरांचा नातू.’ त्यानंतर डेव्हिलच्या डब्यात एक शेंगापोळी जादा जाऊ लागली. कंपनीच्या दप्तरी या शेंगापोळीची नोंद नाही.

दरम्यान, जे अजून आपल्या पायांनी येतात त्यांची अवस्था बघण्यासारखी आहे. मी बाकावर बसलेला असतो, ताट समोर रिकामे, आणि टॅबलेट वाजला की माझ्यासाठी टाकलेली भाकरी तव्यावरून उतरून डब्यात जाते. कारण माझा राग तोंडी आहे, त्याचा राग ताऱ्यांचा. या व्यवस्थेवर एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने जो तोडगा काढला तो पाहून मी चकित झालो. तो माझ्या समोरच्या बाकावर बसला, फळ्यावरचा १५० चा भाव त्याने वाचला, मग मोबाइल काढून त्याच खानावळीची तीच थाळी, नव्या ग्राहकाची पहिल्या वेळची घसघशीत सूट लावून, ॲपवरून मागवली, आणि पत्ता दिला खानावळीचाच. टॅबलेट वाजला. मालकांनी हुकूम मान्य केला. थाळी डब्यांत भरली गेली, पिशवीला गाठ पडली, एक शिलेदार बाहेरून आत आला, पिशवी उचलून त्याने आजूबाजूला पाहिले, फोन लावला, आणि समोरच्या बाकावर तो वाजला. अवघी आठ पावले. ‘काय बे, इथंच हाईस की!’ एवढे बोलून त्याने पिशवी हाती दिली आणि मजुरी कमावली. त्या पोराची थाळी माझ्या आधी आली, माझ्याहून स्वस्त आली, आणि जाता जाता त्याने पाच तारेही दिले. मालकांना राग यावा की आनंद व्हावा हेच कळेना.

बंड करून पाहिले नाही असे नाही. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी गुरुग्रामच्या हॉटेलवाल्यांनी सवलतींच्या जाचाविरुद्ध ‘लॉगआउट’ नावाची चळवळ आरंभली आणि ती इतर शहरांत पसरली. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे फिर्याद नेली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा हुकूमही काढला. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजाचा अंमल धुडकावून मार्शल लॉ सोसलेल्या या शहरात बंडाची परंपरा वेगळी शिकवावी लागत नाही. मालकांनीही एका मंगळवारी टॅबलेट पालथा घातला आणि वर ताटाची चळत ठेवली. बुधवारी शांतता होती. गुरुवारी ती शांतता गल्ल्यातही उतरली. शुक्रवारी सकाळी कंपनीच्या खाते-व्यवस्थापकाचा फोन आला. हा गृहस्थ तेवीस-चोवीस वर्षांचा, कोठून बोलतो ते कधीच सांगत नाही, भाषा हिंदी, स्वर अत्यंत मृदू. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट याच स्वरात बोलत असावा. ‘सर, आपकी विज़िबिलिटी बहुत नीचे गई है,’ तो म्हणाला. मालकांनी आधी तो डोळ्यांच्या विकाराचा विषय समजून, आपले मोतीबिंदूचे काम गेल्याच वर्षी झाल्याचे त्याला सांगितले. खुलासा झाल्यावर असे निघाले, की तीन दिवसांच्या गैरहजेरीमुळे खानावळ यादीत तळाला गेली आहे, आणि वर येण्यासाठी जाहिरातीचा एक लहानसा खर्च करणे इष्ट ठरेल. ताटाची चळत उतरली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होऊन स्वार अडकून पडतात, तेवढेच दिवस मालक बंडाचे समाधान आता विनाखर्च भोगतात.

हल्ली त्यांनी निराळाच मार्ग धरला आहे, आणि तो भाच्याच्या डोक्यातून निघालेला आहे. बारगिरी सोडून भाच्याने त्याच चुलीवर, त्याच बायकांच्या हातचे, त्याच आमटी-भाकरीचे दुसरे हॉटेल ॲपवर मांडले. त्याला जागा नाही, बाक नाही, फळा नाही; नाव इंग्रजी, त्यात आई आहे, किचन आहे आणि शेवटी एक जादा ‘झेड’ आहे. पत्ता तोच, पण मागल्या दाराचा. भाव मामांहून तीस रुपये अधिक. पहिल्याच महिन्यात त्याला साडेचार तारे पडले. मामांचे चाराच्या खालीच. ‘शेजारच्या जुन्या खानावळीपेक्षा शतपटीने सरस,’ असे एकाने लिहिले आणि त्याखाली, एकाच पातेल्यातून निघालेल्या दोन डब्यांची चव कशी भिन्न आहे, याचे रसाळ वर्णन केले. सुनेने ते वाचून दाखवले तेव्हा मालक बराच वेळ पातेल्याकडेच पाहत राहिले.

तेव्हापासून एका छपराखाली दोन दौलती नांदत आहेत, आणि त्यांचे संबंध सलोख्याचे नाहीत. मामा पनीरमध्ये साय जास्त घालायला सांगतात, भाचा कांदा तळून वर पसरतो. यादीत वरची जागा मिळावी म्हणून भाच्याने जाहिरात लावली. ग्राहकाने बोट लावले की पैसे कापले जातात, असा तिचा कायदा. मामांनी ते कळताच आपलीही लावली, दर बोटाला एक रुपया अधिक देऊन. भाच्याने दोन वाढवले. परवा रात्री दहाच्या सुमारास हा लिलाव ऐन भरात आला होता आणि टॅबलेटच्या दोन्ही बाजूंनी दोघे एकमेकांकडे न पाहता आकडे चढवीत होते. दोन्हींचे पैसे अखेर याच एका गल्ल्यातून जातात आणि त्याच एका कंपनीला पोचतात, ही गोष्ट मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत त्यांच्या कानावर घातली.

‘तुम्ही मधी बोलू नका,’ टॅबलेटवरून नजर न काढता मालक म्हणाले, ‘वडलांच्या नावाचा प्रश्न आहे.’